एका चुलीची माणसं

नवरा घर सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली होती आणि कोर्टातून काडीमोड मिळाला त्याला चार, तरी इमारतीतली माणसं तिला सूनबाईच म्हणत. म्हणणारच. नवरा गेला होता, सासू जागची हलली नव्हती. तो बॅग भरत होता तेव्हा म्हातारी दारात हाताची घडी घालून उभी होती. तो म्हणाला, "आई, बस्तान बसलं की तुला न्यायला येतो." ती म्हणाली, "बॅग तुझी भरली आहेस. माझ्या कपड्यांना हात लावू नकोस." विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने दोघींपुरता चहा टाकला आणि संसार पुढे सुरू झाला.

सासूला सगळे मुकादम म्हणत. हातमोजे शिवण्याच्या कारखान्यात तिने तीस वर्षं काढली होती. त्यातली शेवटची बारा वर्षं चाळीस बायकांवर देखरेख करण्यात गेली. कारखाना सुटला, पण आवाज काही सुटला नाही. सूनबाई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सारायच्या, पलीकडून कडक होऊन आल्या की जोडीदारणीबरोबर चार टोकं धरून घडी घालायची. दिवसाला सहाशे चादरी. घडी बघून माणूस ओळखता येतो असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरंचसं खरंही होतं.

दोन वर्षांपूर्वी मुकादम जिन्यावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टरांनी आत सळई घालून तिला उभं केलं, काठीने घरातल्या घरात चालती केली. पण दोघी राहायच्या तिसऱ्या मजल्यावर. बावन्न पायऱ्या आणि लिफ्ट नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा दवाखान्यात जायचं असलं की खालच्या मजल्यावरचे दोन भाऊ तिला खुर्चीत बसवून उतरवत. त्या भल्या माणसांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण उतरताना मुकादम डोळे मिटून घ्यायची. भीतीने नव्हे. आपण ओझं झालेलं बघायला नको म्हणून.

अशात लाँड्रीच्या फळ्यावर एक कागद लागला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहराच्या कडेला नवीन वसाहत बांधली होती आणि भाडं मिळकतीच्या मानाने ठरणार होतं. अटी खाली दिल्या होत्या: मिळकत अमुक रकमेच्या आत हवी, शहरात सात वर्षांचं वास्तव्य हवं, नावावर घर नको. घरात वृद्ध किंवा अधू माणूस असेल तर तळमजला आणि यादीत वरचा नंबर. सूनबाईने कागद दोनदा वाचला, जेवणाच्या सुट्टीत पाठकोऱ्या पावतीवर उतरवून घेतला आणि संध्याकाळी सासूपुढे ठेवला.

"आई, सगळ्या अटी आपल्या मापाच्या आहेत."

मुकादमने चष्मा लावून पावती वाचली. "मापाच्या आहेत खऱ्या. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब."

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षं थांबलात. सहा महिने काय घेऊन बसलात."

गृहनिर्माण कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीत एक पन्नाशीचा कारकून होता. कॉलर स्वच्छ होती, पण इस्त्री घाईत फिरवलेली. घरी स्वतःच करतो, सूनबाईने मनात नोंद केली. माणूस उर्मट नव्हता. त्याने पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, दवाखान्याचे कागद एकेक करून पाहिले आणि संगणकावर बोटं चालवू लागला. मग थांबला.

"बरोबर राहणाऱ्या बाईंशी नातं?"

"सासू."

"आणि तुम्ही घटस्फोटित."

"हो."

"मग त्या सासू कशा?"

"आधी होत्या तशाच. फरक पडला तो नवऱ्यात."

कारकुनाच्या ओठांवर हसू येऊन गेलं. त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. जोडीदार, मूल, आईवडील, भाऊबहीण, जोडीदाराचे आईवडील. एवढीच नाती यात आहेत. जोडीदारच नाही, तर त्याची आई मी कुठे बसवू? तुमचा अर्ज एकटीचा धरावा लागेल. एकट्या माणसाला वरच्या मजल्यावरची एक खोली मिळते. आणि त्या यादीत नऊ वर्षं लागतात, मी आजच सांगून ठेवतो."

"आणि त्या?"

"त्यांनी त्यांचा वेगळा अर्ज करायचा. पण एकटीने राहण्यासारखी तब्येत नसेल तर त्यांना घर मिळणार नाही. वृद्धाश्रमाची शिफारस मिळेल."

सूनबाईने कागद गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि विचारलं, "हा नियम कुठे लिहिलाय?"

"म्हणजे?"

"सासू घरातली नाही, हे कुठे लिहिलंय ते मला वाचायचंय."

कारकुनाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "एक नंबरच्या खिडकीवर पुस्तिका मिळते," तो म्हणाला. "कुणी घेत नाही."

पुस्तिका घेऊन ती बाहेर आली. फाटकाशी छत्रीखाली छोटं टेबल टाकून एक अर्जवाला बसला होता. लोकांचे अर्ज भरून देणं हा त्याचा धंदा. सूनबाईचा चेहरा पाहून त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि दोन मिनिटांत सगळी हकीकत काढून घेतली.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "त्यांना हाक काय मारता?"

"आई."

"मग नात्याच्या रकान्यात आई लिहू. खोटं कुठे झालं? आडनाव एकच आहे. कोण बघतंय?"

सूनबाईने टेबलावरचा अर्ज पुढे ओढला. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की खोटी माहिती दिल्यास दहा वर्षं अर्ज करता येणार नाही. पण तिला त्याहून दुसरंच खटकत होतं. वीस वर्षं एका घरात काढल्यावर आता चोरून नातं लावायचं?

"काका," ती उठत म्हणाली, "माझं खरं आहे. खऱ्याला खोट्याचा टेकू कशाला?"

"खऱ्याला वेळ लागतो," अर्जवाला म्हणाला.

"लागू दे."

पुस्तिका चौसष्ट पानांची होती. भाषा अशी, की वाक्य संपेपर्यंत माणूस सुरुवात विसरून जावा. सूनबाई रोज जेवणाच्या सुट्टीत चार पानं वाचायची. घडी घालणारी जोडीदारीण शेजारी बसून डबा खायची आणि कळलं नाही की म्हणायची, "परत वाच, या वेळी हळू." दोघी मिळून वाक्याचा एकेक पदर सोडवत. अकराव्या दिवशी, पहिल्याच परिशिष्टात, एक्केचाळीसाव्या पानावर 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या सापडली. कुटुंब म्हणजे रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकविधानाने बांधलेल्या व्यक्ती. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच होतं. पण पुढे स्वल्पविराम होता, आणि त्याच्यापुढे होतं: अथवा सलग तीन वर्षांहून अधिक काळ एकत्र राहणाऱ्या, एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व एकमेकींवर अथवा एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती.

"म्हणजे एका चुलीवरची माणसं," जोडीदारीण म्हणाली.

"तेच तर. एवढं सोपं होतं तर असं का नाही लिहीत?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चार नंबरच्या खिडकीपुढे उभी राहिली. पुस्तिका उघडून तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. कारकुनाने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पुस्तिका घेऊन तो आत साहेबांकडे गेला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पिवळा पडलेला नमुना होता.

"अकरा वर्षं मी या खिडकीत आहे," तो म्हणाला, "या कलमाखाली एकही अर्ज आलेला नाही. साहेबांनाही माहीत नव्हतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडी मजा वाटत होती. "आता ऐका. तीन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा हवा. मग आमची बाई घरी येऊन पाहणी करेल. आणि ही शेवटची अट वाचा. त्यांचं जवळचं रक्ताचं माणूस हयात असेल, तर आपण त्यांचा सांभाळ करत नाही, असं त्याने लिहून द्यायला हवं. मुलगा आहे ना त्यांना?"

"आहे."

"मग त्याची सही लागेल."

पहिल्या दोन गोष्टी जड नव्हत्या. भाडेकरार होता, दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर तिचंच नाव होतं, इमारतीतल्या सहा घरांनी न मागता सह्या दिल्या. तिसरी गोष्ट मात्र तिने दोन दिवस सासूला सांगितलीच नाही. आपणच जाऊन सही आणावी, असा तिचा बेत होता. चार वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, पण सहीसाठी बोलली असती.

मुकादमच्या नजरेतून काही सुटत नसे. चाळीस बायकांत कुणाची शिवण उसवलीये हे तिला दारातून कळायचं. तिसऱ्या दिवशी तिने जेवताना विचारलं, "काय लपवतेस?"

सूनबाईने सांगून टाकलं. म्हातारी घास चावत राहिली. तो गिळून म्हणाली, "मी जाते."

"आई, कशाला? मी आणते की."

"त्याला जन्म मी दिला. तो मला सांभाळत नाही हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं, तर ते मीच घेईन. तुझ्या हातून नको. तू गेलीस तर त्याला भांडायला निमित्त मिळेल."

रविवारी सकाळी दोघा भावांनी खुर्ची उचलली. या वेळी मुकादमने डोळे उघडे ठेवले.

मुलाचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. दारं काढलेले सात-आठ फ्रिज भिंतीशी रांगेत उभे होते. तो एका मशीनच्या मागे बसून तांब्याची नळी वाकवत होता. आईला टॅक्सीतून उतरताना पाहिलं तसा तो उठला, हात पँटला पुसले आणि स्टूल शोधू लागला. सूनबाई मुद्दाम टॅक्सीपाशीच थांबली, पण दुकान उघडं होतं आणि मुकादमचा आवाज कारखान्यातला. तिला सगळं ऐकू येत होतं.

"कशी आहेस?" मुलगा म्हणाला.

"बरी आहे. तू वाळलास."

"काम फार आहे. आई, मी येणारच होतो..."

"ते राहू दे. एका सहीचं काम आहे." तिने पिशवीतून कागद काढून त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली गेली की व्हायचे तसे, हे मुकादमने नंतर घरी आल्यावर सांगितलं.

"हे काय लिहायला लावतेस, आई? मी सांभाळत नाही म्हणून? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण दाखवतंय? कचेरीच्या फायलीत जाईल."

"हे तिचं डोकं दिसतंय." त्याने टॅक्सीकडे पाहिलं.

"डोकं तिचं, पाय माझे," मुकादम म्हणाली. "घर दोघींचं. यात खोटं काही लिहिलं असेल तर दाखव, मी खोडते."

तो कागदाकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "तू इकडे ये. आजच ये. दुकानामागची खोली रिकामी करतो. मी सांभाळतो तुला."

टॅक्सीपाशी सूनबाईला आत्ता कुठे कळलं, की या सगळ्या खटाटोपात हा प्रश्न तिने सासूला विचारलाच नव्हता. तिला कुठे राहायचं आहे, हे आपण गृहीत धरलं. मुलगा बोलावत असताना कुठली आई नाही म्हणते?

काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून मुकादमने दुकान पाहिलं, मागची खोली पाहिली, मुलाला पाहिलं.

"तू मनापासून म्हणतोयस," ती म्हणाली, "ते मला कळतंय. सहा वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर कदाचित आले असते. आता माझं घर तिकडे आहे. तुझ्याकडे जेवायला येईन, बोलावशील तेव्हा. राहायला नाही."

"मी वाईट मुलगा आहे, असं लिहून द्यायचं ना?"

"वाईट असं कुठे लिहिलंय? सांभाळत नाही, एवढंच लिहिलंय. ते खरं आहे. खऱ्यावर सही करायला हिंमत लागते, ती तुझ्यात आहे का ते बघायला आले मी."

त्याने फ्रिजच्या माथ्यावर कागद ठेवला आणि सही केली. खाली तारीखही घातली. मग आईला धरून टॅक्सीपर्यंत आणलं, दार उघडलं, तिचा पाय हलकेच आत घेतला. सूनबाईकडे न बघता म्हणाला, "तिला गोळ्या वेळेवर देतेस ना?"

"देते."

"तळमजलाच घ्या," तो म्हणाला, आणि दुकानात गेला.

टॅक्सीत मुकादम रडली नाही. फक्त अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाली, "अक्षर अजून सुधारलं नाही त्याचं." सूनबाईने तिचा हात हातात घेतला. म्हातारीने तो काढून घेतला नाही.

पाहणीला आलेली बाई तरुण होती, बावन्न पायऱ्या चढून धापा टाकत होती. पाणी पिऊन झाल्यावर तिने सूनबाईला बाहेर गॅलरीत बसवलं आणि आधी सासूला प्रश्न विचारले, मग सासूला आत ठेवून सूनबाईला. दोघींची उत्तरं जुळतात का ते तिला बघायचं होतं. सूनबाईला सासूची औषधं, त्यांच्या वेळा, खुब्यातल्या सळईची लांबीसुद्धा पाठ होती. सासूला सुनेचा पगार, कामाची पाळी, साहेबाचा स्वभाव आणि कुठला दात दुखतो ते माहीत होतं. एका उत्तरावर मात्र गाडी अडली.

"स्वयंपाक कोण करतं?" या प्रश्नाला दोघींनीही "मी" म्हणून सांगितलं होतं.

बाईने दोघींना समोर बसवून विचारलं. सूनबाई म्हणाली, "कामावरून येऊन मीच तर करते." मुकादम म्हणाली, "भाज्या चिरून, तांदूळ निवडून, सगळी तयारी करून मी ठेवते. ही येऊन फक्त आच लावते आणि नाव स्वतःचं करते."

"आच लावते? आणि परवाचं सूप कोणी खारट केलं?"

"तू बाईंसमोर सूप काढू नकोस."

तपासणीची बाई लिहायचं थांबली होती. तिने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि रकान्यात काहीतरी भरलं. काय भरलं ते तिने दाखवलं नाही, पण जाताना स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर उभी राहून ओट्यावरच्या दोन ताटल्या, दोन कप आणि एक पातेलं पाहून गेली.

त्यानंतर सहा नाही, पाच महिने लागले. मधे कचेरीतून एक पत्र आलं, एका महिन्यात ओव्हरटाइममुळे मिळकत मर्यादेबाहेर गेल्याचं दिसतं म्हणून. सूनबाई घाबरली नाही. पुस्तिका तिला आता तोंडपाठ होती. वर्षाची सरासरी धरायची असते आणि दोन माणसांच्या कुटुंबाला मर्यादा वाढीव असते, असं तिने पानाच्या क्रमांकासह उत्तर पाठवलं. लाँड्रीतल्या तीन बायका एव्हाना आपापले कागद घेऊन तिच्याकडे बसू लागल्या होत्या. त्यांतली एक आपल्या विधवा आत्याबरोबर राहत होती. सूनबाईने तिला सरळ एक्केचाळीसावं पान उघडून दिलं.

मंजुरीचं पत्र चार नंबरच्या कारकुनाने स्वतः हातात ठेवलं. "तळमजला," तो म्हणाला. "एक खोली, स्वयंपाकघर, पुढे छोटा ओटा. लाँड्री लांब पडेल, दोन बस बदलाव्या लागतील."

"बदलीन."

"आणखी एक. साहेबांनी ते कलम सगळ्या खिडक्यांवर लावायला सांगितलंय."

घर कोरं होतं, भिंतींना चुन्याचा वास होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट ओट्यावर पडायची. नळ गळत होता. एका कपाटाचं दार लागत नव्हतं. मुकादमने पहिल्याच दिवशी दोन्हींची तक्रार लिहून घेतली. मुलाने एक दुरुस्त केलेला फ्रिज टेम्पोतून पाठवला होता. तो चांगला चालत होता, आवाज तेवढा जरा जास्त करायचा.

चौथ्या दिवशी सूनबाई कामावरून आली तर दार नुसतं ओढून घेतलेलं. आत कोणी नव्हतं. काठीही नव्हती. ती बाहेरच्या ओट्यावर आली, शेजारी विचारलं, तर शेजारीण म्हणाली, "मघाशी गेल्या की चालत. मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या, बघते."

सूनबाई जवळजवळ पळतच निघाली. पडल्या तर, रस्ता चुकला तर, असले सगळे विचार तिच्या डोक्यात एकदम घुसले. वसाहतीच्या कोपऱ्यावर बसथांबा होता. तिथल्या बाकावर मुकादम बसली होती, अंगावर बाहेर जायची शाल, केस नीट बांधलेले. शेजारी एक अनोळखी बाई होती आणि ती मुकादमचं काहीतरी मन लावून ऐकत होती.

"आई, सांगून तरी यायचं."

"कुणाला सांगू? तू कामावर." म्हातारी जरा सरकली आणि तिला बसायला जागा केली. "दोनदा बसले वाटेत. पण आले. ही बस कुठे जाते गं?"

"शेवटच्या थांब्याला. तळ्यापाशी."

"लांब आहे?"

"जाऊन-येऊन तासभर."

बस येऊन थांबली. नव्या पद्धतीची होती, पायरी फुटपाथच्या बरोबरीने आलेली. मुकादमने काठी आधी आत टेकवली, मग पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता चढली. खिडकीजवळची जागा पकडून तिने मागे वळून पाहिलं.

"तिकिटं काढ," ती म्हणाली. "दोन. स्वयंपाकाचं आल्यावर बघू."